बंद गाडीतलं ऊन

भिकनने डिकीतल्या थर्माकोलच्या पेटीचं झाकण काढलं, आतल्या रिमोटवर बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं. दिवसभरातला सर्वांत जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या छोट्या थर्मामीटरवर एकसष्ट दिसत होतं.

"परत," तो पुटपुटला.

सकाळी बसने कामावर जाण्याआधी त्याने गाडी सोसायटीतल्या कडुलिंबाखाली लावली होती. समोरच्या काचेला चंदेरी पडदा होता आणि मागच्या काचा बोटभर खाली होत्या. आता काचा गच्च बंद होत्या आणि पडदा सीटवर घडी घालून ठेवलेला होता. वाऱ्याने पडदा पडतो हे त्याला कळत होतं. पण वारा घडी घालत नाही.

पलसाण्याच्या मिलमध्ये रंगाच्या वाफेत दिवस काढणाऱ्या भिकनचा सगळा जीव त्या पेटीत होता. रिमोटवर उडणारं विमान त्याने स्वतः जोडलं होतं. मध्ये एक बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली, तेव्हा त्याच्या बायकोने, हर्षदाने, हे खूळ घराबाहेर काढलं. तेव्हापासून विमानाचा मुक्काम गाडीत. आणि आता कुणीतरी ते मुद्दाम भाजून काढत होतं.

गाडीची दुसरी चावी वॉचमन चिंधाआप्पांकडे असे. पाण्याचा टँकर आला की डिंडोलीच्या त्या अरुंद सोसायटीत गाड्या मागेपुढे कराव्या लागत.

"आप्पा, गाडी कोणी उघडली?"

"टँकर आज आला नाही, भिकनभाऊ."

"मी टँकरचं नाही विचारलं."

म्हाताऱ्याने एकदा तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं आणि मग आपल्या चपलांकडे. चोराच्या मनात चांदणं, भिकन समजून चुकला. गाडीत बसून एसी लावत असेल, नाहीतर कुणाला तरी झोपायला देत असेल.

"सोमवारी सेक्रेटरीला सांगतो. मग त्यांनाच उत्तर द्या."

आप्पा आपल्या खुर्चीत जाऊन बसले. हात जोडले असते तर भिकनला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या मजल्यावर घरी मालतीबाईंनी लेकाला ताट वाढलं.

"आखाजी उनी," त्या हळूच म्हणाल्या.

भिकनचा घास हातातच राहिला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की खानदेशात लेकी माहेरी येतात. त्याच्या बहिणीने, ताराने, मात्र आपल्या मनाने लग्न केलं आणि तिचं नाव या घरात घ्यायचं नाही, असा भिकनने हुकूम सोडला. राहायची ती उधन्यात, रिक्षाने जाण्यासारखी. त्याला तिची आठवण यायची, नको तेव्हा यायची. पण बोललेला शब्द गिळायचा कसा?

"मग?" तो म्हणाला.

"काही नही," म्हणून मालतीबाई भांडी आवरायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने दुपारची सुट्टी टाकली आणि समोरच्या चहाच्या हातगाडीमागे जाऊन बसला. चोर रंगेहाथ सापडला की सेक्रेटरीलाच बोलवायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं. ऊन डोक्यावरून सरकलं, कडुलिंबाची सावली गाडीवरून हटली. आप्पा खुर्चीतून उठले. त्यांनी चावी लावली, पडदा काढून घडी घातली, काचा वर केल्या. भिकन ताडकन उठला.

तेवढ्यात जिन्यातून कुणीतरी उतरलं. एकेका पायरीवर थांबत, गुडघा दाबत, डोक्यावर पातळाने झाकलेली परात घेऊन. ती त्याची माय होती.

आप्पांनी परात उतरवून घेतली. मालतीबाईंनी मागच्या सीटवर धुतलेलं धोतर पसरलं आणि त्यावर एकेक बिबडा मांडू लागल्या. घरात पंख्याखाली अर्धे सुकलेले, ज्वारीचे, पापडासारखे, तळहाताएवढे बिबडे. गच्चीवर सोलरची पॅनेलं बसल्यापासून तिथे कुलूप होतं. म्हातारीने आपलं वाळवणाचं ऊन गाडीत शोधलं होतं.

भिकन रस्ता ओलांडून गेला. त्याला पाहताच मालतीबाईंचा हात हवेतच थांबला.

"मीच सांगेल व्हतं आप्पाले," त्या घाईने म्हणाल्या. "त्यासना काही दोष नही."

"कोनासाठे?"

"घरसाठे."

घरात बिबडे कोण खातं? हर्षदाला आवडत नाहीत, भिकनला पित्त होतं. अर्धे ओले बिबडे परातीतून पळवून खाणारी या घरात एकच होती. मालतीबाईंनी मान खाली घातली.

"आप्पाना भाचा उधनाले जास. त्याना हाते धाडसू," त्या म्हणाल्या. "तुनं नाव नही सांगाव."

भिकनने डिकीतून पेटी काढली आणि आप्पांसमोर धरली.

"तुमच्या केबिनमध्ये पंखा आहे ना? ठेवाल का तिथं?"

आप्पांनी पेटी दोन्ही हातांनी घेतली. "ठेवतो की."

भिकन दाराशी वाकला. एका बिबड्याची कड वर आली होती, ती त्याने बोटाने दाबली.

"माय, धाडू नको."

मालतीबाईंनी निमूटपणे परात पुढे ओढली आणि मांडलेले बिबडे उचलून तिच्यात ठेवायला लागल्या. भिकनने त्यांचा हात धरला.

"तिलेच बलाई ले आखाजीले."

 उचललेले बिबडे मालतीबाईंनी पुन्हा धोतरावर पसरले, पदराने नाक पुसलं आणि गाडीचं दार लोटायला घेतलं.

"हट तठून," त्या म्हणाल्या. "समदी गरमी निंघी जास."