टेकडीवरची पालथी परडी

मित्रांनो, कोथरूडमागच्या टेकडीवर, मोठ्या काळ्या खडकाच्या आडोशाला बांबूची एक परडी पालथी पडलेली दिसली, तर कृपा करून उचलू नका. ती मी. मला कुणी टाकलेले नाही, ठेवलेले आहे. बूड गेले, कामट्या काळ्या पडल्या, तरी मी अजून कामावर आहे. कसल्या कामावर, तेच सांगते.

माझा जन्म बुरूड आळीतला. हेमाबाईंनी ओल्या बांबूच्या कामट्या काढून मला विणले. फुलांची परडी घ्यायला आलेल्या सरोजिनीबाईंनी मला सगळीकडून फिरवून पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "वीण विरळ वाटते हो."

"ताई, फुलं ठेवायचीत की पाणी?" हेमाबाई म्हणाल्या. "आत वारा खेळला तर फुलं जगतील."

बाई हसल्या आणि मी कोथरूडला आले.

बाईंचे नेम पुष्कळ, पण कुणाला जाच नाही. देवाला फूल वाहिल्याशिवाय मात्र तोंडात पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. तेव्हा कोथरूडला बंगले होते आणि कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंद, तगर, कण्हेर होती. बाई अगदी हलक्या हाताने खुडत, तोंडाने नाम चालू. एका फाटकावर पाटी होती: 'फुले झाडावरच राहू द्यावीत. देवाला ती इथूनही दिसतात.'

"अगं बाई, देवाला काय दिसतं ते आता हे ठरवणार!" असे पुटपुटून बाईंनी तिथलीच दोन तगरीची फुले माझ्यात टाकली होती. मला आठवते, कारण त्या दिवशी त्यांचा हात नेहमीसारखा हलका नव्हता.

मग शहराची चाल बदलली. परदेशी कंपन्या आल्या, घरोघरी संगणक आले. बाईंचा मुलगा सलिल हिंजवडीला नोकरीला लागला. तिथल्याच स्पृहाशी त्याचे लग्न झाले. इकडे बंगले एकेक करून पडले, इमारती उठल्या. तो पाटीवाला बंगलाही गेला. तगरीच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी टांगलेली असे, मग माझे काय काम? उदबत्तीचे पुडे आणि कापसाच्या वाती सांभाळीत मी देवघराच्या कोपऱ्यात बसून राहिले. धूळ पुसायलाही कुणाला सवड नव्हती.

स्पृहाला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा ओटी रिकामी राहिली. घरात त्याविषयी कुणी बोलत नसे. तिसऱ्या वेळी बाईंनी महादेवापुढे हात जोडले. "श्रावणभर रोज टेकडीवरचं एक कंदीलपुष्प वाहीन. विकतचं नाही, माझ्या पायांनी चढून आणलेलं. माझ्या सुनेला सुखरूप सोडव."

झटकून, पुसून मी पुन्हा हातात आले. किती आनंद झाला म्हणून सांगू!

कंदीलपुष्प तुम्ही पाहिले आहे का? नाजूक वेल असतो, गवतात लपणारा. फूल म्हणजे चिमुकला कंदील. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोके एकमेकींना जुळलेली. बाईंना वाटे, देवाने स्वतःसाठीच दिवा घडवला आहे. जितके दुर्मीळ तितके देवाला प्रिय, असा त्यांचा साधा हिशेब.

पहिले काही दिवस पायवाटेजवळच फुले मिळाली. मग वर चढावे लागले. मग त्याहून वर. श्रावण अर्धा झाला त्या सकाळी बाई धापा टाकीत काळ्या खडकापाशी पोहोचल्या. तिथे वेल होता, वेलावर कंदील होते आणि वेलाशेजारी छत्री टेकून एक गृहस्थ बसले होते. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले श्यामसुंदर सर.

बाईंनी हात पुढे केला.

"या," सर म्हणाले, "आपलीच वाट पाहत होतो. खालचे वेल कोण साफ करतं ते कळलं एकदाचं."

"साफ कसलं हो? रोज एकच फूल नेते. देवासाठी."

"शेळ्यांना पाला हवा, पोरांना उकरून खायला कंद हवा आणि देवाला फूल हवं. वेलाला काय हवं ते कुणी विचारत नाही. अहो बाई, फूल गेलं की शेंग गेली. शेंग गेली की बी गेलं. या उतारावर एवढाच वेल उरलाय. तोडा आता. देव फुलं मोजत बसला असेल."

बाईंचा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही. "देव नाही मोजत. मी मोजते. सुनेला सातवा महिना आहे. घेतला नेम मोडला आणि काही झालं, तर मी कुणाच्या तोंडाकडे पाहू?"

सरांनी छत्री उचलली. ते नुसते बाजूला सरकले. बाईंचा हात देठापर्यंत गेला, थांबला आणि रिकामाच परत आला. उतरताना वाऱ्याने मी हेलकावत होते, इतकी हलकी मी कधीच नव्हते.

घरी बाई देवापुढे बसून राहिल्या. स्पृहा पोटावर हात ठेवून जवळ आली. "आई, पाणी तरी घ्या ना."

बाईंनी सगळे सांगितले. स्पृहाने मला हातात घेऊन आत पाहिले.

"आई, म्हणजे त्या वेलालाही दिवस गेलेत म्हणायचं," ती म्हणाली. "त्याची ओटी रिकामी करून माझी भरू नका. माझ्याच्यानं नाही सहन होणार."

बाईंनी तिचा हात धरला. मग उठून महादेवाला नुसते बेलपान वाहिले आणि सुनेच्या हातून पाणी घेतले.

दुसऱ्या दिवशी माझ्यात हळद-कुंकू होते, खण होता, नारळ होता आणि मूठभर तांदूळ. बाई चक्क वेलाची ओटी भरायला निघाल्या होत्या! सरांनी कपाळाला हात लावला. "तांदूळ नकोत हो, उंदीर येतील."

"बरं, तांदूळ राहिले." बाईंनी वेलापुढे कुंकवाचे बोट टेकवले, खण-नारळ परत माझ्यात ठेवला आणि डोळे मिटले. "महादेवा, तुझं फूल इथंच वाहिलं. इथूनही दिसतं तुला."

ती जुनी पाटी मला आठवली. बाईंनाही आठवली असावी, कारण त्या एकट्याच हसल्या.

श्रावण संपला तरी बाईंचे चढणे थांबले नाही. शेळ्या हाकलायच्या, कंद उकरायला आलेल्या पोरांना चणे-फुटाणे देऊन वाटेला लावायचे. आश्विनात स्पृहाला मुलगी झाली, दोघी सुखरूप. दिवाळीच्या सुमारास वेलावर शिंगांसारख्या जोडशेंगा पिकल्या. सरांनी अलगद काढून त्या माझ्यात ठेवल्या. आत रेशमी शेपटीचे बी होते, फुंकर मारली तर उडून जाईल असे. बाईंनी वर पदर धरला. मित्रांनो, आयुष्यभर मी फुले वाहिली, पण तो भार निराळा होता.

काही बी त्याच उतारावर रुजवले. बाकीच्याची रोपे इमारतीच्या गच्चीत, कुंड्यांत वाढली. दोन-तीन पावसाळ्यांनी त्यांचे कंद टेकडीवर गेले. काही जळाले, काही शेळ्यांनी खाल्ले. बाईंनी भजनी मंडळातल्या बायकांना नवा नेम दिला, श्रावणात एकेक वेल राखायचा. "पुण्य लागतं का हो?" कुणीतरी विचारले. "गुडघे दुखतात," सर म्हणाले, "तेवढं नक्की." तरी बायका आल्या. आज या उतारावर श्रावणात कंदील शोधावे लागत नाहीत, पाऊल जपून टाकावे लागते.

माझे बूड गेले तेव्हा सलिल मला कचऱ्यात टाकणार होता. बाईंनी मला इथे आणले आणि शेळ्यांचे तोंड लागू नये म्हणून एका कोवळ्या रोपावर पालथी ठेवली. वेल माझ्या विरळ विणीतून वाट काढीत वर आला. हेमाबाई, तुमचे बरोबर होते!

बाईंना आता चढवत नाही. स्पृहा आणि तिची मुलगी येतात. बाई खाली पायथ्याच्या बाकावर बसून वर बघत हात जोडतात.

म्हणून म्हणते, मित्रांनो, या, वाकून बघा, पण मला उचलू नका आणि फूल खुडू नका. माझ्यात आज एक कंदील फुलला आहे. तो वाहून झालेला आहे.