करड्या रंगातलं दार

मी एक जुनी लाकडी भिंत आहे. नॉर्वेत, ट्रॉम्सो गावात, बोर्गहिल्डआजींच्या निजायच्या खोलीत उभी आहे. त्यांच्या नवऱ्याने मला स्वतःच्या हातांनी बांधलं, पिवळा रंग दिला आणि माझ्यातल्या दाराला गडद तपकिरी. दर नाताळाआधी तो मला साबणाच्या पाण्याने धुवायचा. मित्रांनो, तेव्हा माझाही थाट होता!

तो गेला. माझा रंग पोपडे धरून गळू लागला. आजींची नजरही अधू झाली.

जूनमध्ये त्यांचा मुलगा आयविंद ऑस्लोहून रंगाचे दोन डबे घेऊन आला. त्याने माझ्यावर शेजारी-शेजारी दोन पट्टे ओढले, एक पिवळा, एक करडा. जूनमध्ये इथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे दोन्ही पट्टे लख्ख दिसत होते.

"आई, करडा बघ कसा शांत वाटतोय! पिवळा आता कोण लावतं गं?"

"मला पिवळ्यावर दार दिसतं रे."

"एवढ्या उजेडात कशावरही दिसेल! दारालाही करडाच देतो. सगळं कसं एकसारखं!"

आजी पिवळ्या पट्ट्यापासून मागे सरल्या. "बरं. तू एवढ्या लांबून आलायस."

मला संताप आला. आयविंद इथेच वाढलेला. पण इथली माणसं उन्हाळा आला की हिवाळ्यातला काळोख साफ विसरतात. मी आणि दार दोघंही करडे झालो, आणि शेजारणींनी येऊन माझं तोंडभरून कौतुक केलं.

नोव्हेंबरअखेर सूर्य दोन महिन्यांसाठी दिसेनासा झाला. आजी दिवा लावायच्या, पण करडा रंग तो उजेड गिळून टाकायचा. दार कुठे आणि मी कुठे, त्यांना कळेना. त्या हातांच्या तळव्यांनी मला चाचपत चालायच्या. एका सकाळी अशाच चाचपडताना पडल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. त्यांना वृद्धाश्रमात नेलं, ते कायमचंच.

जानेवारीत आयविंद त्यांचे कपडे न्यायला आला. पलंगापासून निघालेली तळव्यांच्या डागांची रांग दारावरून पुढे कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि तिथून परत फिरली होती. त्याने ती पाहिली, बादली आणली आणि फडक्याने घासून काढली.

"पिवळ्यावर डाग एवढे दिसले नसते," तो पुटपुटला.

मित्रांनो, मला कोणता रंग द्यायचा ते मला विचारू नका. पण जे माणूस त्या खोलीत राहणार आहे, त्याला विचारा. आणि ते नुसतं 'बरं' म्हणालं, तर पुन्हा विचारा.