कवळीतली कीड

बाजाराच्या दिवशी अल्लीपूरच्या बसस्टँडसमोर अशी गर्दी उसळली, की भाजीवालींनी आपापल्या पाट्या मागं ओढून घेतल्या. मधोमध मांडव आणि त्यावर दहा फुटी फ्लेक्स: 'डॉ. प्रेमदास, आंतरराष्ट्रीय दंतकीड विशेषज्ञ. दात न काढता कीड काढतो. शासनमान्य रजि. नं. ४४७१. शंभर टक्के गॅरंटी!'

"या माय, बसा! डॉक्टर लोग दात उपटते. चोर पकडाले घर पाडतेत का कोनी?"

माणूस बसला की डोक्यावरून घोंगडी. समोर पाण्याचं वाडगं, त्यात लालबुंद लोखंडाचा तुकडा आणि वर चिमूटभर 'हिमालयाची जडीबुटी'. भस्सकन वाफ निघायची. घोंगडी उचलली की पाण्यावर बारीक पांढऱ्या अळ्या तरंगत!

"अगा मायवं!" गर्दी कळवळायची आणि रांग आणखी लांबायची.

रस्त्याच्या पलीकडे दंतवैद्य इला आपल्या दवाखान्यात एकटीच बसली होती. सात महिने झाले होते दवाखाना उघडून. तिची पाटी परातीएवढी. नाव, बीडीएस, नोंदणी क्रमांक, बस्स. नियमच तसा. 'विशेषज्ञ' लिहायला एमडीएस लागतं, आणि गॅरंटी लिहायची मुभा तर कुणालाच नाही. गाव म्हणायचं, "एवढूशी पाटी, म्हंजे बाई अजून शिकूनच राह्यली असन." कधीकधी संध्याकाळी घरी फोन लावला की तिचाच आवाज तिला घोगरा वाटायचा, दिवसभर न वापरल्यामुळं.

तिच्याकडं येणारी माणसं दोन. एक झाडलोट करणाऱ्या अनुसयाबाई आणि दुसरे रूपराव. रूपरावांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली, मुलं पुण्याला. रोज सकाळी ते पेपर वाचायला दवाखान्यात यायचे. घरी पेपर येत होता, हे इलाला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. 

महिन्यापूर्वी पेपर वाचता वाचता त्यांनी जांभई दिली आणि इलाला गालाच्या आत, तंबाखू-सुपारीचा खर्रा धरायच्या जागी, जखम दिसली. ती भरेना. "काका, वर्ध्याला जाऊन जखमेचा तुकडा काढून तपासून घ्या," असं तिनं चारदा सांगितलं. तीन दिवसांपासून त्यांची खुर्ची रिकामी होती. आज ते दिसले ते समोरच्या रांगेत.

इला ताडकन उठली. ती रस्ता ओलांडून गेली.

"काका, ती जखम वाफेनं बरी होणारी नाही हो!"

"बाई, तुमीनंच त म्हनलं होतं, दाढेले कीड लागली म्हनून."

म्हटलं होतंच की तिनं! आपली सगळी मराठी तसंच म्हणते.

"कीड म्हणजे अळी नव्हे काका. दात सडतो, त्याला आपण कीड म्हणतो."

"मंग हे निघून राह्यले ते काय हाये? तुमी म्हनता, तपासल्याबिगर सांगता येत नाई. हा म्हनते, तीन बैठकीत जखम बी भरन."

उत्तर मागून आलं.

"सरका बाई. मी बसून येतो," अनुसयाबाई म्हणाल्या आणि रांग मोडून घोंगडीखाली शिरल्या. वाफ निघाली. घोंगडी वर झाली.

"पाच निघाल्या!" प्रेमदास गरजला. "माय, दाढ पोखरून टाकली होती यायनं!"

"कोनती?"

"खालची, उजवीकडची."

अनुसयाबाईंनी तोंडात बोटं घातली, अख्खी कवळी काढली आणि वाडग्याशेजारी ठेवली. बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "हे इलाबाईनं करून देल्ले दात हायेत. पिलास्टिकले बी कीड लागते का रे, मुडद्या?"

जो हशा उठला तो थांबेचना.

प्रेमदास काही सावरायच्या आत इलानं ताजं पाणी घेतलं, चिमट्यानं लोखंड त्यात टाकलं, त्याच्याच जडीबुटीच्या पुडीतलं बी टाकलं आणि घोंगडी नुसत्या स्टुलावर पांघरली. तोंड कुणाचंच नाही. घोंगडी उचलली. सात अळ्या!

"ही भुईरिंगणी. आपल्या बांधावरची काटेरी," ती म्हणाली. "बी तापलं की फुटतं आणि आतला कोंब बाहेर पडतो. ही अळी नाही, तो कोंब आहे. आणि हा नंबर? राज्याच्या दंत परिषदेची यादी मोबाइलवर उघडा. यांचं नाव दाखवा."

दोघातिघांनी शोधलं. नाव नव्हतं.

"तो... तो दुकानाचा नंबर हाये," प्रेमदास पुटपुटला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागला.

बापहो, नोंदणी दुकानाचीही होते. नंबर कशाचा, शिक्षण कोणतं, एवढं विचारायला पैसा पडत नाही. जो तपासायच्या आधीच गॅरंटी देतो, त्याच्यापुढं तोंड उघडण्याआधी डोकं उघडा. आणि जो 'माहीत नाही, तपासू' म्हणतो, त्याला अडाणी समजू नका.

गर्दी पांगली. लाजेनं असेल, पण दवाखान्याकडं कुणीच वळलं नाही. रूपराव तेवढे आले आणि आपल्या खुर्चीत बसले. पेपर उघडला नाही.

"मंग मले काय झालं, बाई?"

"माहीत नाही काका. उद्या वर्ध्याला जाऊ."

"जाऊ? तुमी बी?"

"इथं माझ्यावाचून कोण खोळंबलंय?"

त्यांनी दाराबाहेरच्या त्या परातीएवढ्या पाटीकडं पाहिलं.

"बरं होईन, याची गॅरंटी हाये का?"

"नाही."

रूपरावांनी खिशातली खर्र्याची पन्नी काढून टेबलावर ठेवली.

"मंग येतो," ते म्हणाले. "सकाळच्या पयल्या गाडीनं."