मी बाईंची चाल शिकलो

मित्रांनो, मी पायाला बांधायचा एक जुना यांत्रिक आधार आहे. पोटरीला पट्टे, घोट्यापाशी मोटर आणि कमरेला बॅटरी, एवढाच माझा पसारा. टाच उचलली की मी मागून जोर देतो, म्हणजे चालणाऱ्याला दम कमी लागतो.

कारखान्यात मला एकच ठेका शिकवला होता. धडधाकट माणसांच्या चालीची सरासरी काढून तो बसवला होता. तिथे माझं फार कौतुक झालं. पण दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत जो तो मला सोडून ठेवू लागला. मी म्हणे चालवत नाही, ढकलतो. शेवटी माझी रवानगी कपाटात झाली.

मला बाहेर काढलं ते खेळाच्या बाईंसाठी. त्या शाळेत मुलींना पळायला शिकवायच्या. आजारपणात त्यांचा डावा पाय अधू झाला. आता मैदान सोडा आणि वाचनालय सांभाळा, असं मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी मी घाईने जोर दिला आणि बाई कठड्यावर आदळल्या. त्यांची लेक घाबरून माझे पट्टे सोडू लागली. डॉक्टर म्हणाले, यंत्र ठीक आहे, बाईंनीच पाऊल सरळ टाकायची सवय करावी.

बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. "माझा पाय असाच पडणार," त्या म्हणाल्या. "मी याच्यासारखी चालणार नाही. याला माझ्यासारखं चालायला शिकवा."

माझी देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञ ताईला ते पटलं. बाई तोंडाला श्वास मोजणारा मास्क लावून चालायच्या आणि ताई त्यांच्या श्वासावरून कष्ट मोजायची. माझा जोर ती कधी लवकर आणायची, कधी उशिरा, कधी निम्मा करायची. लेकीने पट्ट्यांखाली मऊ कापड शिवलं. हळूहळू मला उमगलं, बाईंचं पाऊल बाहेर वळतं, क्षणभर थबकतं आणि मगच उचललं जातं. मी थांबायला शिकलो. एके सकाळी बाई लेकीशी गप्पा मारत खोलीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. डॉक्टरांनीच मग त्यांना मैदानावर जायची परवानगी दिली.

शाळा उघडली. बाई पाय फेकत, मला घरघरवत मैदानात उतरल्या. मुख्याध्यापक जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, हे बरं दिसत नाही."

"मी दिसायला नाही, शिकवायला आलेय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिट्टी वाजवली. मुली पळत सुटल्या. वाचनालयासाठी शाळेला दुसरं माणूस शोधावं लागलं.

पुढे बाईंना माझ्याहून हलका आधार मिळाला. ताईने त्यालाही आधी त्यांची चाल शिकवली, मगच मला परत नेलं. सध्या मी एका म्हाताऱ्या सुतारकाकांच्या पायाला असतो. त्यांची पावलं आखूड आहेत, म्हणून पुन्हा पहिल्यापासून शिकतोय.

मित्रांनो, माझे पट्टे पुसून ठेवा, बॅटरी वेळेवर भरा. म्हातारा झालो तरी मी कामाला मागे हटणार नाही. पण सगळ्यांना एकाच ठेक्यावर चालव, असं मला कुणी सांगू नये. मी ऐकणार नाही.