तवमणी मिसचं आजचं दुखणं

"मग, आज काय झालंय तुम्हाला?" विजेकोन सरांनी बिनदुधाच्या प्लेन टीचा घोट घेत विचारलं. "मागच्या खेपेला कावीळ होती. त्याआधी हात मोडला होता. किती सोसता हो मिस!"

"छातीत गाठ," तवमणी मिस म्हणाल्या.

"बापरे! एकदम मोठं काढलंत. पोरं घाबरतील की."

"घाबरू देत. खऱ्या दवाखान्यात काय रोज सर्दीच असते?"

आमच्या भाषांतर विभागात तोंडी परीक्षा अशीच चालते. विजेकोन सर डॉक्टर, त्यांना फक्त सिंहली येतं. तवमणी मिस चहामळ्यातली बाई, तिला फक्त तमिळ. मधल्या खुर्चीत दुभाषा म्हणून बसायचं ते विद्यार्थ्यानं. बाईचं दुखणं दर खेपेला मिसच ठरवतात, आणि ठरवलं की असं वठवतात की पोरं निम्मं शिकलेलं विसरून जातात.

या खेपेला मात्र त्यांनी काही ठरवलं नव्हतं. सोमवारी मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, सिंहलीत, नीट समजावून. मध्ये कोणी लागलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सोबत कोणीतरी आणा. माणूस नसेल तर आम्ही भरती करून घेत नाही." मिस मान डोलावून घरी आल्या. मूलबाळ नाही. भाऊ टोरांटोला, तो फोन करणार पोंगलला. आई गेल्या वर्षी गेली, आणि तेव्हापासून त्या घरात तमिळ बोलायला कोणी उरलं नव्हतं. सांगायचं तर सांगायचं कोणाला? तीन दिवस ती गोष्ट त्या एकट्याच वागवत होत्या. निदान परीक्षेत तरी ती आपल्या भाषेत मोठ्यानं म्हणता येईल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

हिरुणी आत आली. गावाकडची सिंहली पोरगी. तमिळ शिकली ती बसमधल्या बायकांशी गप्पा मारमारून. मधल्या खुर्चीत बसली आणि पदर नसताना पदर सावरल्यासारखं करून घेतलं.

"मला छातीत गाठ लागतेय," मिस तमिळमध्ये म्हणाल्या. "आधी वाटलं, जाईल. गेली नाही."

"मला छातीत गाठ लागतेय," हिरुणी सिंहलीत म्हणाली. "आधी वाटलं, जाईल. गेली नाही."

आमच्याकडचा नियमच आहे तसा. 'त्या म्हणतात' असं म्हणायचं नाही. बाई 'मी' म्हणाली की आपणही 'मी'. एक शब्द गाळायचा नाही, एक घालायचा नाही. बाई गप्प बसली तर आपणही गप्प. मिसनीच हे पोरांच्या डोक्यात ठोकून बसवलेलं.

"रात्री हात तिथंच जातो," मिस म्हणाल्या. "भीती वाटते."

"रात्री हात तिथंच जातो. भीती वाटते."

आपलं खरं दुखणं दुसऱ्या कोणी 'मला' म्हणून सांगताना मिस पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना फार बरं वाटलं. असंच बोलत राहावं आणि या पोरीनं म्हणत राहावं.

विजेकोन सर रंगात आले होते. त्यांनी आपल्या मनानंच एक प्रश्न टाकला, "ऑपरेशनला सोबत कोण येणार?"

हिरुणीनं तो तमिळमध्ये विचारला. मिस तिच्याकडे बघत राहिल्या.

"माझी मुलगी येईल," हिरुणी सिंहलीत म्हणाली.

"छान छान," विजेकोन सर म्हणाले आणि पुढचं विचारू लागले.

परीक्षा संपल्यावर मिसनी तिला थांबवलं. "मी काही बोलले होते का गं?"

"नाही मिस."

"मग मुलगी कुठून आणलीस?"

हिरुणीचा चेहरा उतरला. "ती बाई नुसती बघत बसली, मिस. मला सहनच झालं नाही. असेलच ना तिला कोणीतरी?"

"असेलच असं धरून चालायचं नाही. भर घातलीस. पुढच्या गुरुवारी पुन्हा दे परीक्षा."

"अहो मिस, सोडा की!" विजेकोन सर कळवळले. "एवढं गोड बोलली पोरगी. आणि खरं सांगू? तुमचंच आज जमलं नाही. कावीळ झाली होती तेव्हा केवढा आकांत केला होतात! आज गाठ, आणि डोळ्यांत टिपूस नाही."

"सुचलं नाही," मिस म्हणाल्या.

हिरुणी दारात वळली. "पुढच्या गुरुवारीही तुम्हीच असाल ना, मिस? तेव्हा जरा साधा ताप आणा हं."

"बघू," म्हणून मिस हसल्या.

बुधवारी सकाळी तवमणी मिस दवाखान्याच्या खिडकीशी उभ्या होत्या. हातात कपड्यांची पिशवी, केसांना नीट तेल लावलेलं. आतल्या नर्सनं मान वर न करताच विचारलं, "सोबत कोण, अक्का?"

मधल्या खुर्चीत आज कोणी नव्हतं. नर्सनं मान वर केली.

"माझी मुलगी येईल," मिस सिंहलीत म्हणाल्या. हिरुणी म्हणाली होती तसंच, शब्दाला शब्द.

"मग बसा तिकडे. ती आली की आत घेऊ."

बाकावर गर्दी होती. मिसना कोपऱ्यात जागा मिळाली. एक म्हातारा शेजारी टेकायला आला, तशी त्यांनी पिशवी झटकन त्या जागेवर ठेवली.

"कोणी आहे का इथं?" त्यानं विचारलं.

"येतेय ती," मिस म्हणाल्या, आणि दाराकडे बघत बसल्या.