मेहुण्याचं नाणं

हॉलिस प्रॅटला बावीस वर्षं जे नाणं हवं होतं, ते त्याच्या मेहुण्याला धातू शोधायचं यंत्र हातात घेतल्यापासून तिसऱ्याच रविवारी सापडलं. तेही हॉलिसच्याच जुन्या यंत्रावर, हॉलिसनंच हुडकलेल्या जागेवर आणि ज्या लायलॅकच्या झुडपाखालून हॉलिस स्वतः दोनदा यंत्राची चकती फिरवून गेला होता, त्याच झुडपाखाली.

मी आणि हॉलिस शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. एकाच गॅरेजात, अठ्ठावीस वर्षं. धातू शोधण्याच्या क्लबातही आम्ही बरोबरच. व्हरमाँटच्या डोंगरांत एके काळी शेतकऱ्यांची शेकडो घरं होती. माणसं पश्चिमेला निघून गेली, घरं पडली, वर जंगल वाढलं. आता दगडांनी बांधलेला तळघराचा खड्डा तेवढा उरतो आणि दारापाशी लावलेलं लायलॅक. रानात लायलॅक दिसलं की समजायचं, इथं कुणाचा तरी उंबरा होता. मग खिळे, गुंड्या, बैलांचे नाल, नशीब असेल तर एखादं नाणं.

हॉलिसला हवं होतं ते नाणं तांब्याचं. एका बाजूला डोंगरामागून उगवणारा सूर्य, खाली नांगर. व्हरमाँट अजून अमेरिकेत यायचं होतं, स्वतःचं वेगळं राज्य होतं, तेव्हाचं. आमच्याकडे सगळेच त्याच्या मागे असतात, पण हॉलिससारखं कुणी नाही. जुने नकाशे, मयतांच्या नोंदी, चर्चची दप्तरं, सगळं त्यानं पिंजून काढलं होतं. त्यातूनच त्याला स्पॉफर्डबाईंच्या रानातलं असं एक पडलेलं घर सापडलं. बाई चौऱ्याऐंशीच्या, कुणाला पाऊल ठेवू देत नसत. हॉलिसनं दोन हिवाळे त्यांची लाकडं रचून दिली, ट्रॅक्टर दुरुस्त केला, तेव्हा कुठं त्या म्हणाल्या, "बरं, ये. पण एक खड्डा जरी उघडा ठेवलास तर याद राख. माझी जुनिपर म्हातारी घोडी आहे. तिचा पाय मोडला तर मी तुझा मोडीन."

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात रेमीचं हृदयाचं ऑपरेशन झालं.

रेमी थिबो हा हॉलिसच्या बायकोचा, ऑडेटचा धाकटा भाऊ. जन्मभर पाव भाजणारा, बडबड्या, सगळ्यांना आवडणारा. डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं.

"त्याला घेऊन जा की बरोबर," ऑडेट म्हणाली. "घरात बसून वेडा होईल तो."

"तो फार बोलतो."

"मग कानांवर ते हेडफोन घालून फिरतोसच ना? तुला कुठे ऐकू येणार आहे?"

हॉलिसनं माळ्यावरचं जुनं यंत्र काढून दिलं. पहिले दोन रविवार रेमीला बाटल्यांची बुचं आणि काडतुसं मिळाली. तिसऱ्या रविवारी तो ओरडला, "हॉलिस! ए हॉलिस! हे बघ रे, गुंडी आहे का?"

आणि अंगठ्यानं माती पुसायला लागला.

"चोळू नकोस!" हॉलिस धावत आला. रेमीच्या तळहातावर, हिरवट काळ्या तांब्यावर, सूर्याचे किरण स्पष्ट दिसत होते.

"गुंडी नाही," हॉलिस म्हणाला. "नाणं आहे."

"चांगलं आहे का?"

हॉलिसनं नंतर मला सांगितलं, ते नाणं बघून जेवढं लागलं नाही, तेवढं हा प्रश्न ऐकून लागलं. चांगलं आहे का! बावीस वर्षं.

क्लबाच्या बैठकीत सगळे खुर्च्या सोडून त्या नाण्याभोवती जमले. रेमीनं स्वतः तळलेले डोनट आणले होते. तो सगळ्यांना सांगत होता, "माझं काही नाही हो. यंत्र हॉलिसचं, जागा हॉलिसची. मी फक्त वाकलो." लोकांनी हॉलिसच्या पाठीवर थाप मारली. मीही काही विचार न करता बोलून गेलो, "तू तिथून दोनदा गेला होतास ना? कसं सुटलं रे तुझ्या हातून?"

हॉलिस हसला. तोंडदेखलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं परसात तांब्याचं एक जुनं नाणं टीचभर खोल पुरलं आणि वरून आपलं नवं यंत्र फिरवलं. वाजलं. उलटीकडून फिरवलं. वाजलं. दहा वेळा फिरवलं, दहाही वेळा वाजलं. म्हणजे यंत्राला दोष देता येत नव्हता. घरात ऑडेटनं भावाचा नाण्यासकटचा फोटो फ्रिजवर चिकटवला होता. दूध घ्यायला गेलं तरी रेमी दात काढून हसतोय.

गुरुवारी हॉलिसनं रेमीला फोन केला.

"स्पॉफर्डबाईंनी आपल्याला बंदी घातली."

"का? काय झालं?"

"खड्डा उघडा राहिला होता. लायलॅकपाशी. घोडीचा पाय अडकला."

रेमी म्हणाला, "लायलॅकपाशी म्हणजे... माझाच की."

"मी तुझं नाव घेतलं नाही," हॉलिस म्हणाला.

आमच्या या छंदात खड्डा उघडा ठेवण्यासारखं पाप नाही. हॉलिसनं क्लबातही एक-दोघांपाशी हळूच पिल्लू सोडलं, "नवीन माणूस आहे, चुकतो." ते माझ्यापर्यंत आलं आणि मला ते खरं वाटलं.

त्यानंतर रविवारी हॉलिस घरून निघे तो 'तळ्याकाठी जातोय' म्हणून, आणि पोचे स्पॉफर्डबाईंच्या रानात. बाईंनी विचारलं, "तो गोड माणूस कुठं गेला?" तर म्हणाला, "कंटाळला." लायलॅकभोवतीची जमीन त्यानं वीत वीत चाळली. एक नाणं असेल तर दुसरं का नसेल? मिळाले खिळे, चमच्याचा दांडा, बैलाचा अर्धा नाल. आनंद कसला तो नव्हताच. काही मिळालं असतं तरी दाखवणार कुणाला?

चौथ्या रविवारी, ऑक्टोबरात, रेमी डोनटचा डबा आणि घोडीसाठी पिशवीभर गाजरं घेऊन स्पॉफर्डबाईंच्या दारात उभा राहिला. माफी मागायला.

"कसला पाय?" बाई म्हणाल्या. "जुनिपर ती काय तिथं, कुंपणावरून शेजाऱ्याची सफरचंदं खातेय."

रेमीनं सगळं सांगितलं. बाईंनी काठी घेतली. "चल. तो वरच आहे."

हॉलिस गुडघ्यांवर बसून उकरत होता, कानांवर हेडफोन. त्याला काही ऐकू आलं नाही. बाईंच्या काठीचं टोक त्याच्या फावड्याशेजारी टेकलं, तेव्हा त्यानं वर पाहिलं.

"हॉलिस प्रॅट," बाई म्हणाल्या, "माझ्या घोडीला काय झालं होतं म्हणालास?"

हॉलिसनं कानांवरचं काढलं. फावडं खाली ठेवलं.

रेमी बोलला, आवाज न चढवता. "महिनाभर मी आठवतोय रे. माती परत टाकली होती, वर पायानं दाबली होती, एवढं मला दिसायचं. पण तू म्हणतोस म्हणजे राहिला असणार. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशननंतर काही लोकांची आठवण दगा देते. मला वाटलं, माझं डोकं कामातून चाललं. मी गाडी चालवायची सोडून दिली, हॉलिस. आज शेजारणीनं सोडलं मला इथं."

हॉलिस तसाच गुडघ्यांवर.

"का पण?" रेमीनं विचारलं.

"मला हवं होतं ते नाणं."

"मागितलं असतंस तर दिलं असतं की!"

"माहीत आहे," हॉलिस म्हणाला. "तू दिलेलं मला नको होतं."

बाईंनी काठीनं खालची वाट दाखवली. "उतर. परत येऊ नकोस." मग रेमीकडे वळून म्हणाल्या, "तू येत जा. तुला कुणी अडवलं नव्हतं."

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला रेमी बहिणीकडे आला नाही. आजवर असं झालं नव्हतं. ऑडेटनं टर्की कापला, वाढला आणि ताटावर न बसता उठून वर गेली. हॉलिस एकटाच जेवला.

जानेवारीच्या बैठकीत तो उठून उभा राहिला. त्याला चारचौघांत बोलता येत नाही. टोपी हातात पिळत होता. "रेमीनं खड्डा उघडा ठेवला नव्हता," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. माझ्या पोटात दुखलं म्हणून." मग बसला. रेमी शेवटच्या रांगेत होता. तो उठून कॉफी घ्यायला गेला, एवढंच.

बर्फ वितळलं, चिखल वाळला. मे महिन्यात एका सकाळी हॉलिसच्या दारात रेमीची गाडी थांबली. चालवत तोच होता.

"चल. बाई म्हणाल्या, तुझ्या जबाबदारीवर आणायचं असेल तर आण."

"रेमी, मी तुला..."

"ते बघू नंतर. यंत्र घे."

रानात दोघांनी तळघराच्या दोन बाजू धरल्या. तासाभरानं रेमीकडून हाक आली. त्याला चांदीचं बकल मिळालं होतं, जुन्या काळच्या बुटाचं, अखंड.

हे हॉलिसनं मला दुसऱ्या दिवशी गॅरेजात सांगितलं, बसखाली पाठीवर झोपून.

"पोटात तसंच दुखलं," तो म्हणाला. "अगदी तसंच. मला वाटलं होतं, गेलं असेल."

"मग?"

"मग काय. उठलो, आणि बघायला गेलो."

"कसं होतं बकल?"

बसखालून नुसता हात बाहेर आला.

"सुंदर होतं," तो म्हणाला. "तेरा नंबरचा पाना दे."