कोबीराजाचा आकडा

हिवाळ्यात जर्मनीतल्या आमच्या ओल्डनबुर्गची मंडळी कुरळ्या कोबीच्या सहलीला निघतात. चालून चालून खानावळीत पोहोचायचं आणि सर्वांत जास्त कोबी खाईल त्याला राजा करायचं. हृदयात धातूची झडप बसल्यापासून एन्नो आजोबांना ताटभर कोबी बंद होता, कारण त्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा जोर कमी होतो. मुकुट मात्र त्यांना हवाच होता.

"यंदा रक्तावरून राजा ठरवू," म्हणत त्यांनी रक्त गोठायला लागणारा वेळ मोजायचं आपलं घरचं यंत्र टेबलावर ठेवलं. "ज्याचा आकडा मोठा, तो राजा!"

"माझ्यापुढे तू काय टिकणार, म्हाताऱ्या?" त्यांचा मित्र फोको बोट पुढे करत म्हणाला.

प्रत्येकाला नवी सुई, नवी पट्टी. फोकोचा आकडा आला एक. पाद्रीबाईंचाही एकच. आजोबांचा दोन पूर्णांक आठ!

"बघा! रक्तात दम लागतो," आजोबा म्हणाले. फोकोने कुरकुरत त्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवला.

या गोळ्या न घेणाऱ्या कुणाही धडधाकट माणसाचा आकडा एकच्या आसपास येतो, हे मला ठाऊक होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजोबांनी आपलं अख्खं सॉसेज माझ्या ताटात सरकवलं.

मी मुकाट्याने खाऊ लागले.